घरचं झाड

औषध न मारता वाढवलेली सीताफळं परदेशी पाठवायची सरकारी योजना शिवांजली सांभाळत होती. धारूरच्या डोंगरातली अर्जुनरावांची बाग तिला पाऊल टाकताच खटकली. तिथं फवारणीचा पंप नव्हता, औषधाची रिकामी बाटली नव्हती. पण सीताफळ म्हटलं की मुंग्या आल्याच, आणि इथं एकही मुंगी नव्हती. "मुंग्या कुठं गेल्या, काका?" "डोंगरावर गारवा लई हाय, म्याडम," अर्जुनराव हसले. तिला ते पटलं नाही, पण बोट ठेवायला जागा सापडेना. परदेशी निघालेल्या पेटीतलं मऊसं फळ उचलून ती फोडणार, एवढ्यात त्यांच्या बायकोनं, सुंदरबाईंनी, ते हातातून काढून घेतलं. "हे नको खाऊ, माय. हे फॉरेनला जायचं हाय. तुला घरच्या झाडाचं देते." अर्जुनरावांची मान खाली गेली. सुंदरबाईंनी परसातलं सीताफळ आणलं आणि वरच्या मुंग्या फुंकून टाकल्या.