तिघांचं सूप

सासूबाई युस्तिना गेल्या आणि आमच्या डोंगरावरच्या गावात ती जुनी बोली बोलणारे एकटे सासरेच उरले. मी ल्युब्लियानाची. माझं शहरी बोलणं ऐकून ते चिडवायचे, "बघा, पुस्तक बोलतंय!" हळूहळू तेही थांबलं. बोलायचं तरी कुणाशी? नवरा ऑस्ट्रियात कामाला, आणि ती बोली माझ्या जिभेवर काही केल्या चढेना.

जुलैतल्या एका दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. सासरे कुरणावरून जवळजवळ धावतच आले. हातातलं दाताळं त्यांनी फेकून दिलं. डोळे भरून आले होते.

"न्येवेन्का, पोरी, शिकलीस की गं आमची बोली! 'म्हाताऱ्या, ये की रं, सूप निवतंय!' खिडकीतनं हाक मारलीस, अक्षी तिच्यावानी!"

माझा घसा तीन दिवसांपासून पार बसला होता, शब्दसुद्धा फुटत नव्हता. चूलही पेटवलेली नव्हती. मी मानेनं नाही म्हटलं, गळ्याकडे बोट दाखवलं.

त्यांचं हसू मावळलं. आम्ही दोघंही स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत राहिलो. आतून चरबीत परतलेल्या कांद्याचा वास आला. मग ताटल्या मांडल्याचा आवाज.

"न्येवेन्का," आतून हाक आली, "तू बी ये की गं. तिघांचं वाढलंय."

सासऱ्यांनी माझा हात घट्ट धरला, आणि लहान मुलासारखे हसत ते मला दाराकडे ओढू लागले.