लॉजमधली रिकामी खुर्ची

थिऑसॉफिकल सोसायटीच्या वाशीम शाखेला, म्हणजे तिथल्या लॉजला, १९३४ साली पंचवीस वर्षे झाली, तेव्हा चैत्रातल्या एका दुपारी भगवंतराव वकील सभासदांपुढे लॉजचा इतिहास वाचायला बसले. शेजारची वेताची खुर्ची नेहमीप्रमाणे रिकामी होती. अदृश्य गुरूंसाठी ती मोकळी ठेवायची, ही प्रथा त्यांनीच पाडली होती.

"लॉजची ही जागा भगवंतरावांनी दान दिली," त्यांनी वाचले.

रिकाम्या खुर्चीचा वेत करकरला, कोणी जड माणूस बसावा तसा.

"गुरुदेव आले वाटते!" दौलतराव मास्तर हसले. "पुन्यांदा वाचा वकीलसाहेब, त्यायलेही आयकू द्या."

जागा म्हणजे खरा पुंजाजी माळ्याचा मळा. भाडेचिठ्ठी आहे असे सांगून वकिलांनी त्याचा अंगठा खरेदीखतावर घेतला होता. "तुमच्या तोंडातून खरं काढीनच, सायेब," फसवणूक कळल्यावर एवढेच तो म्हणाला होता. आठवड्याने तो त्याच मळ्यातल्या विहिरीत मेलेला सापडला.

भगवंतरावांनी तेच वाक्य पुन्हा वाचले. वेत पुन्हा करकरला. या वेळी कोणी हसले नाही. खुर्चीची बैठक चांगली दोन बोटे खाली दबलेली त्यांना दिसली. मग ती हळूहळू वर आली.

म्हणजे जो बसला होता, तो उठला होता. त्यांना हायसे वाटले.

तेवढ्यात त्यांच्याच खुर्चीचा वेत करकरला. मांडीवर गार ओझे टेकले, धोतरातून पाणी ठिबकू लागले, आणि अगदी कानाशी कोणीतरी म्हणाले,

"वाच पुन्यांदा."