अटींचा रकाना

आसिफबरोबरच्या निकाहला आठ दिवस राहिले होते. गुलनाजनं धीर करून अब्बांना सांगितलं, "निकाहनाम्यात अटींचा रकाना असतो. त्यात मला लिहायचंय, लग्नानंतरही मी नर्सची नोकरी सोडणार नाही."

भवानी पेठेत यंत्रमागावर उभं आयुष्य काढलेले अब्बा, चांदसाब, उठले. त्यांनी कपाटातून स्वतःचा जुना निकाहनामा काढून तिच्या हातात दिला. अम्मीला जाऊन चार वर्षं झाली होती.

गुलनाजनं रकाना वाचला. 'नवरी लग्नानंतर दहावीपर्यंत शिकेल. नवरा तिला अडवणार नाही.'

"अम्मीची अट?"

"व्हय. मला ऐन निकाहात कळली. दोस्त हसले, लई राग आला. पण कबूल केलं की! मग तीन वर्षं सायकलवर डबलसीट शाळेत सोडायचो तिला. पेपर असला की बाहेर लिंबाखाली बसून राहायचो. घरी आली की माझ्यापुढं पुस्तक उघडून बसायची." ते हसले. डोळे मात्र भरून आले. "लई चांगले दिवस होते बेटा. तू आसिफला अट आधीच वाचून दाखव. त्याला ऐन वेळी कळायला नको."

मग चष्मा लावून त्यांनी काझीसाहेबांना द्यायच्या कागदावर मुलीची अट स्वतःच लिहून काढली, सावकाश, वळणदार अक्षरात.

जुन्या निकाहनाम्याची घडी घालताना गुलनाजची नजर खाली गेली. नवऱ्याच्या सहीच्या जागी अंगठा होता.