गवताखालची बाटली

"पुन्हा ढोसून आलास ना?" रादोयका भर अंगणात नवऱ्यावर ओरडली. शेजारच्या तिहोमिरला ऐकू जाईल अशी.

वुकाशिनने कुंपण घट्ट धरलं. "थेंब नाही गं घेतला! घराण्याच्या संताची मेणबत्ती हातात धरून दारू सोडलीय मी." पण जीभ इतकी जड पडली होती, की शपथही झिंगलेल्याचीच वाटावी.

"वा रे संत!" तिहोमिर खो खो हसला. "सकाळी सकाळीच?"

ईस्टरपासून हे असंच चाललं होतं. चालताना झोक जायचा, एकाचे दोन दिसायचे, चमच्यातलं सूप सदऱ्यावर सांडायचं. शेवटी रादोयकाने त्याला शहरातल्या इस्पितळात नेलं. तिथल्या शहाण्यांनी झोक राहिला बाजूला, छातीचे फोटो काढले. मग रीतीप्रमाणे डॉक्टरांनी त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि बायकोला आत बोलावलं. ती डोळे पुसतच बाहेर आली.

"चोरून राकिया पितोस म्हणे अजून," ती म्हणाली. "सोड, म्हणजे बरा होशील."

तेव्हापासून घरात रिकाम्या बाटल्या सापडायला लागल्या. कधी गाडीत, कधी लाकडांमागे. ती प्रत्येक बाटली उंच धरून बोंब मारायची, आणि जेवताना मात्र त्याच्या ताटातलं मांस बारीक चिरून द्यायची. मीच पितो आणि विसरतो की काय, असं वुकाशिनला वाटायला लागलं.

संताच्या सणाच्या आदल्या दिवशी धाकट्या भावाचा निरोप आला. शपथ मोडणाऱ्याच्या हातची पोळी आम्ही खाणार नाही. वुकाशिनला रडू कोसळलं. तोंड लपवायला तो भिंत धरत धरत गोठ्यात गेला.

रादोयका तिथे गवताखाली रिकामी बाटली खुपसत होती.

"तू?" त्याचा आवाज चिरकला. "तू ठेवतेस? सख्खा भाऊ तोडलास माझा! सटवे, घर हवंय का तुला? मला वेडा ठरवून हाकलायचंय?"

ती मटकन खाली बसली. बाटली हातातच होती.

"छातीत गाठ आहे तुझ्या," ती म्हणाली. "तिच्याशी लढता लढता तुझं अंग तुझाच मेंदू पोखरतंय. त्यावर औषध नाही म्हणाले. दारू सोडली की बरा होईन, एवढी तरी आशा तुला राहू दे म्हटलं, वुकाशिन."