दोन चौकटींची वाट

"राक्षस हलणार नाही," बाबांनी जाहीर केलं आणि चहाचा घोट घेतला.

जेवणाच्या टेबलावर चौकटी आखलेला मोठा कागद पसरला होता. आई आठवडाभर कचेरीत लोकांच्या घरांचे नकाशे काढायची आणि रविवारी घरच्यांच्या खेळासाठी गुहांचे. आजच्या गुहेच्या तोंडाशी ड्रॅगन होता आणि आत जायला एकच वाट, दोन चौकटी रुंद. माणसाच्या सोंगटीला एक चौकट लागते. राक्षसाला चार, दोन पुढे, दोन मागे. बाबांचा राक्षस त्या वाटेत बाटलीला बूच बसावं तसा बसला होता. त्याच्या मागे, आतल्या बाजूला, लेकीची तिरंदाज. बाहेर, ड्रॅगनच्या जबड्यासमोर, लिफ्टवाल्याचा वैद्य.

लिफ्टवाला हा लेकीचा होऊ घातलेला नवरा. 'होऊ घातलेला' हे लेकीचं मत. बाबांच्या मते तो लिफ्ट दुरुस्त करणारा एक सभ्य तरुण होता, आणि ज्याच्या धंद्यात माणसं अधांतरी लटकतात त्याच्या हाती मुलगी देण्याआधी बापाने थोडं थांबावं. बाबा वर्षभर थांबले होते.

घरचा कायदा कडक होता. ज्याची सोंगटी मेली, त्याला मोहीम संपेपर्यंत टेबलावर जागा नाही. आणि या घरातल्या मोहिमा काही लग्नांपेक्षा जास्त टिकत. म्हणजे वैद्य मेला की रविवारची दुपार पुन्हा तिघांची. त्यासाठी बाबांना काहीएक करायचं नव्हतं. फक्त उभं राहायचं होतं, आणि ते नियमात बसत होतं.

"काका, जरा सरकता का?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"अहो, सरकलो असतो हो," बाबा हळहळले. "पण राक्षसाचा देहच तेवढा. देवाने दिलेला."

"देवाने नाही दिलेला, तुम्ही मागून घेतलात," आई म्हणाली. "मी बुटका सुचवला होता."

तिने ड्रॅगनचे फासे टाकले. वैद्याचा एक हात निकामी झाला. आणखी एक तडाखा बसला की कारभार आटोपला. लिफ्टवाल्याने कुरकूर केली नाही. बाबांना त्याचाच जास्त राग यायचा. गडी भांडेल तर शपथ.

गुहेच्या आतून, मागच्या अंधारातून, आता वटवाघळं येणार होती. आईने तशी सूचना दिली होती. बाबांना फिकीर नव्हती. प्रत्येक सोंगटीच्या बुडाशी बाणाची खूण असते. बाण जिकडे, तोंड तिकडे. पाठीवर बसलेला घाव दुप्पट मोजतात. पण बाबांच्या राक्षसाची पाठ लेक राखायची. टेबलाच्या कडेला तिची जेमतेम हनुवटी पोचायची तेव्हापासूनचा हा शिरस्ता. बाबांचं तोंड पुढे, तिचं मागे. दोघांना मिळून पाठच नव्हती.

लेकीची पाळी आली. तिने तिरंदाज जागची हलवली नाही, नुसती फिरवली. बाण पुढे.

"अगं, मागे बघ ना! वटवाघळं येतायत," बाबा म्हणाले. "इकडे तोंड करून तुला दिसतंय तरी काय?"

"तुझी पाठ, बाबा. नुसती तुझी पाठ दिसतेय."

आवाजात राग नव्हता.

बाबांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि विचारलं, "राक्षसाला अंग चोरून उभं राहता येतं का?"

"येतं की," आईने नियमांचं पुस्तक न उघडता सांगितलं. "भिंतीला चिकटून, एकाच बाजूच्या दोन चौकटींत. पण मग त्याचा वार निम्मा होतो, आणि त्याला कोणीही सहज मारतं. तुम्हाला कधी गरज पडली नाही, म्हणून माहीत नसेल."

"चोरलं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी राक्षस भिंतीला सरकवला.

वैद्य आत आला. लेकीच्या शेजारची चौकट रिकामी होती. तिथे तो थांबला नाही. आणखी एक पाऊल आत, अंधाराच्या बाजूला गेला आणि वटवाघळांकडे तोंड करून उभा राहिला. एका हाताने.

"मागचं मी बघतो, काका. तुम्ही पुढे बघा."

बाबांनी पुढे बघितलं. पुढे ड्रॅगन होता, पण तो जरा धूसर दिसत होता. अशा वेळी माणसाला कोणावर तरी खेकसावंच लागतं.

"आणि काय गं," ते आईवर घसरले, "ही वाट एवढी अरुंद कशाला काढलीस? एरवी तुझ्या गुहांतून दोन-दोन राक्षस गप्पा मारत जातात!"

"या वेळी माप घेऊन काढली," आई पेन्सिलीला टोक काढत म्हणाली. "तुमचं."