ब्रदर ऑल्डनचं शेवटचं पान

"पुन्हा एकदा. या वेळी जरा जास्त घाबर," काचेपलीकडून कोरिन म्हणाली.

ह्रांतने मान हलवली. अमेरिकेतल्या बरबँकच्या या रेकॉर्डिंग स्टुडिओत सोळा वर्षं तो 'काळोखाचे किल्ले' या व्हिडिओ गेममधल्या ब्रदर ऑल्डनला आवाज देत होता. ऑल्डन म्हणजे देवाच्या नावाने तलवार उचललेला संन्यासी. पहिल्या भागात तो आला, तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, हा गडी काहीतरी करून दाखवणार. पुढच्या चार भागांत त्याने फक्त इतरांच्या जखमा भरल्या आणि आशीर्वाद दिले. खेळणारी पोरं त्याला 'मलमपट्टीवाले बाबा' म्हणायची. आता शेवटच्या भागात राक्षस समोर येताच तो किंचाळत पळतो आणि मरतो. एका पानात कारभार आटोपला होता.

ह्रांतने ते पान समोर धरलं.

"नको! मला नेऊ नको!" तो ओरडला. किंकाळी मध्येच चिरकली. मग बराच वेळ नुसती धाप ऐकू येत राहिली.

कोरिनच्या अंगावर काटा आला. हे संवाद तिनेच लिहिले होते.

"बाप रे, ह्रांत! इतकी वर्षं हे कुठे लपवून ठेवलं होतंस?"

"हा अभिनय नव्हता गं." त्याने हेडफोन काढले. "उद्या सकाळी ऑपरेशन आहे. घशाचा कॅन्सर. स्वरयंत्रच काढणार आहेत. घरी बायकोसमोर बळेच हसतो. पण खरं सांगू? हातपाय गळालेत माझे."

कोरिन धावत आत आली. "अरे, आधी बोलायचं नाही का? घरी जा तू. हे आपण दुसऱ्या कुणाकडून..."

"दुसऱ्या कुणाकडून नाही," तो म्हणाला. "ऑल्डन माझा आहे."

 कोरिन हळूच म्हणाली, "मी त्याला कधी घाबरूच दिलं नाही. देवमाणूस म्हणून नुसता शोभेला उभा केला. आणि शेवटी घाबरवला, तोही पळवून लावायला."

तिने त्याच्या हातातलं पान काढून घेतलं, चुरगाळलं.

"राक्षस समोर आहे. ऑल्डन घाबरलाय. पुढचं तू बोल."

ती काचेपलीकडे परतली आणि रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. ह्रांतने हेडफोन पुन्हा चढवले. तो माइकजवळ सरकला.

"देवा, फार भीती वाटतेय," ऑल्डन म्हणाला. "पण मी इथंच उभा आहे. तूही थांब माझ्यासोबत."