पान्हा

शहराबाहेरच्या जमिनीच्या तुकड्यावर सुनेने आणि मुलाने सुट्टीची हौस म्हणून एक गाय पाळली, मग तिला सोबत म्हणून दुसरी. बघता बघता नोकऱ्या, फ्लॅट सगळं सोडून सासूसकट घरच गोठ्याशेजारी राहायला आलं. गोठा भरला, आणि मुलगा तापाचं निमित्त होऊन गेला. तेव्हापासून सासू ताट बाजूला सारायची. म्हणायची, "तो धार काढून येऊ दे, मग जेवते."

त्यातच थोरल्या गाईचं वासरू दगावलं. तिने पान्हा चोरला, कास दगडासारखी झाली. शेजारच्या गवळ्याने वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभं केलं. गाय चाटू लागली आणि बादलीत धार वाजली.

"भाऊ, मुक्या जनावराला असं फसवायचं?" सुनेचा आवाज चिरकला.

"फसतंय कुठलं, वहिनी! तिला सगळं कळतं. पण चाटायला काहीतरी लागतं ना."



सुनेने घरात जाऊन नवऱ्याचा न धुतलेला सदरा अंगात घातला आणि ती ताट घेऊन सासूपुढे बसली. सासूने बाहीला नाक लावलं, आणि मुकाट्याने तोंड उघडलं.